ई-मेल पाठवणाऱ्या कोडची युनिट टेस्ट: 'प्रति'चा पत्ता बदलायचा तरी कुठे?

पाटीपेन्सिल

एका सार्वजनिक वाचनालयाचं काम अंगावर आलंय. स्प्रिंग बूट ३, जावा १७, टेस्टसाठी ज्युनिट ५, आणि खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी बनावट ('मॉक') उभा करून देणारं मॉकिटो. मुदत उलटून गेली तरी ज्यांच्याकडून पुस्तकं परत आली नाहीत, त्या सभासदांना रोज सकाळी स्मरणपत्राची मेल जाते. कोड आधीच्या माणसाने लिहिलाय आणि चालतोही. मला त्यात 'तिसऱ्या स्मरणपत्रापासून दंडाची रक्कम छापा' एवढीच भर घालायची आहे. पण युनिट टेस्ट (कोडचा एकेक तुकडा वेगळा काढून तपासणारी) एकही नाही, म्हणून आधी टेस्ट लिहायला बसले.

स्मरणसेवा नावाचा क्लास आहे. त्यातल्या मेथडला थकबाकीदारांची यादी मिळते. प्रत्येकासाठी ती माइममेसेज, म्हणजे मेलचा ऑब्जेक्ट, तयार करते ('प्रति'मध्ये सभासदाचा पत्ता, विषय मराठीत, मजकूर एचटीएमएल) आणि मेल पाठवणाऱ्या जावामेलसेंडरच्या सेंड मेथडच्या हवाली करते.

मला हवंय ते असं: टेस्ट चालताना सेंडकडे निघालेला मेसेज वाटेत धरायचा, 'प्रति' खोडून माझा पत्ता घालायचा आणि मग पुढे जाऊ द्यायचा. माझ्या इनबॉक्सात मेल आली की टेस्ट पास. मॉकिटोत आर्ग्युमेंट (मेथडला दिलेली किंमत, इथे मेसेज) असं बदलता येतं का? सहकारी म्हणतो, मेथडलाच एक 'टेस्टमोड' बूलियन जोडून टाक. ते मनाला पटत नाही.

घाटमाथा

बदलता येतं. खऱ्या सेंडरचा स्पाय करा (ऑब्जेक्ट खराच, पण त्याचे कॉल वाटेत धरता येतात), त्यावर डूआन्सर लावा, आत मेसेज हाती लागतो. माइममेसेज बदलता येण्याजोगा ऑब्जेक्ट आहे, त्यामुळे त्यावर सेटरेसिपियंट्स मारा आणि खरी मेथड बोलवा. पाच ओळींचं काम.

पण करू नका. तुमच्या मेथडचं काम काय? योग्य माणसाला योग्य मजकूर लिहिणं. टेस्टने 'प्रति' खोडला, तर जी गोष्ट तपासायची तीच तुम्ही पुसलीत. उद्या कोणी यादीतला इंडेक्स चुकवला आणि देशपांड्यांच्या पुस्तकाची आठवण कांबळ्यांना गेली, तरी तुमच्या इनबॉक्सात मेल येणारच आणि टेस्ट हिरवीच राहणार.

शिवाय 'इनबॉक्सात आली की पास' हे कोण बघणार? तुम्ही? रोज?

सांडगी_मिरची

बूलियनवाल्या सहकाऱ्याला चहा पाजा आणि विषय बदला. ती 'टेस्टमोड' एक दिवस प्रॉडक्शनवर (खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर) चालूच राहते, आणि वाचनालयाच्या सगळ्या मेल्स पाटीपेन्सिल यांच्या इनबॉक्सात जमा होतात. उलटही होतं. १७ जून २०२१ ला एचबीओ मॅक्सच्या ग्राहकांना 'इंटिग्रेशन टेस्ट ई-मेल क्रमांक १' अशा विषयाची मेल गेली होती. मजकूर साधारण असा, की हा साचा फक्त इंटिग्रेशन टेस्टसाठी आहे. कंपनीने ट्विट करून सांगितलं की हो, आमच्या इंटर्नकडून झालं. जगभरातल्या लोकांनी त्या इंटर्नला धीर दिला. वाचनालयाचे सभासद एवढा धीर देतील असं वाटत नाही.

टीपकागद

घाटमाथांशी सहमत, पुढचं सांगतो.

युनिट टेस्टमध्ये मेल जायलाच नको. जावामेलसेंडर हा इंटरफेस आहे, त्याचा मॉक स्मरणसेवेच्या कन्स्ट्रक्टरला द्या. मेथड चालवा. मग व्हेरिफाय करताना आर्ग्युमेंटकॅप्टर लावा, म्हणजे सेंडला जे मेसेज मिळाले ते तुमच्या हातात. त्यांच्यावर असर्ट (तपासणीच्या ओळी) लिहा: पत्ता हाच का, विषयात पुस्तकाचं नाव आहे का, तिसऱ्या खेपेला दंडाची रक्कम आली का. आर्ग्युमेंट *बदलायचं* नाही, *पाहायचं*.

अडखळाल अशा दोन जागा आधीच सांगून ठेवतो. सेंडची बरीच रूपं आहेत: एक माइममेसेज घेणारं, अनेक घेणारं, सिंपलमेलमेसेज घेणारं. नुसतं एनी ('कोणतंही आर्ग्युमेंट चालेल' म्हणणारा मॅचर) लिहिलंत तर कंपायलर 'यातली कोणती' म्हणून अडून बसेल, तेव्हा एनीला क्लास सांगा. आणि दुसरीकडे कुठे दोन-तीन आर्ग्युमेंटांची मेथड तपासत असाल, तर एकाला मॅचर लावला की बाकी सगळ्यांना मॅचर लावावाच लागतो. नेमकी किंमत हवी तिथे ईक्यूमध्ये गुंडाळा. हे विसरलं की मॉकिटो जो एक्सेप्शन फेकतो तो सुदैवाने नीट वाचता येतो.

पाटीपेन्सिल

सांगितल्याप्रमाणे केलं. व्हेरिफायपर्यंत पोचलेच नाही. मेसेज भरणाऱ्या माइममेसेजहेल्परच्या ओळीवर घोडं अडलं, मेसेज नल (म्हणजे ऑब्जेक्टच नाही) आहे म्हणतो.

टीपकागद

हां, ते सांगायचं राहिलं. तुमचा कोड मेसेज स्वतः 'न्यू' करत नाही, सेंडरकडूनच मागून घेतो (क्रिएटमाइममेसेज). सेंडर आता मॉक आहे आणि मॉकला काही शिकवलं नाही तर तो नल देतो. म्हणून व्हेन-देनरिटर्न लावून रिकामा माइममेसेज परत द्यायला शिकवा. सेशनच्या जागी नल चालतो, फक्त तो सेशन या टाइपमध्ये कास्ट करा. एकच आर्ग्युमेंट घेणारे कन्स्ट्रक्टर एकाहून जास्त आहेत, नुसत्या नलवरून कंपायलरला नेमका कोणता ते ठरवता येत नाही.

पाटीपेन्सिल

चाललं! पण आता भलतंच. यादीत तीन सभासद दिले. कॅप्टरमध्ये तीन मेसेज येतात, आणि तिन्हींवर तिसऱ्याच सभासदाचा पत्ता. स्टेजिंगवर (प्रॉडक्शनआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर) तर तिघांना वेगवेगळ्या मेल्स बरोबर जातात, म्हणजे मूळ कोड चुकीचा नसावा. मॉकिटोत बग आहे का?

सांडगी_मिरची

'मॉकिटोत बग आहे का' हे वाक्य लिहून झालं की पाच मिनिटं खिडकीतून बाहेर बघावं, असा आमच्याकडे नियम आहे.

घाटमाथा

मिरची, जरा कमी तिखट.

बग नाही. मॉकिटो आर्ग्युमेंटची प्रत काढून ठेवत नाही, फक्त संदर्भ ठेवतो. तुम्ही देनरिटर्नमध्ये *एकच* माइममेसेज तयार करून दिलाय, त्यामुळे लूपच्या तिन्ही फेऱ्यांत क्रिएटमाइममेसेज तोच ऑब्जेक्ट देतं. पहिल्या फेरीत त्यावर पहिल्याचा पत्ता, दुसऱ्या फेरीत त्याच्याच जागी दुसऱ्याचा, तिसऱ्यात तिसऱ्याचा. कॅप्टरकडे तीन नोंदी आहेत, पण तिन्ही एकाच कागदाकडे बोट दाखवतात आणि तुम्ही तो कागद सगळं लिहून झाल्यावर वाचताय.

देनरिटर्नऐवजी देनआन्सर वापरा आणि त्यात दर वेळी नवा मेसेज बनवा. खरा सेंडर तेच करतो, म्हणून स्टेजिंगवर ठीक दिसतं.

अर्धाकप

पायथनवाला मध्ये तोंड घालतोय, पण दुखणं तेच आहे म्हणून. युनिटटेस्टच्या मॉकमध्येही कॉलआर्ग्ज फक्त संदर्भ ठेवतं. एक डिक्शनरी बनवून लूपमध्ये तिच्यातलं नाव बदलत गेलात, की शेवटी सगळे कॉल एकसारखे दिसतात. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये बदलत्या आर्ग्युमेंटांसाठी वेगळा भागच आहे. मॅजिकमॉकचा सबक्लास करायचा आणि कॉल होताक्षणी आर्ग्युमेंटांची डीपकॉपी (आतल्या सगळ्यासकट प्रत) काढून ती नोंदवायची. म्हणजे इथे आर्ग्युमेंट खरोखरच 'बदलायचं' असतं: मूळच्या जागी त्याची प्रत. टेस्टमध्ये आर्ग्युमेंट बदलण्याचं मला पटणारं हे एकच कारण.

मेलसाठी पायथनमध्ये आणखी दोन खड्डे आहेत. एक, पॅच (खऱ्याच्या जागी मॉक बसवणं) कुठे करायचं. तुमच्या फाइलने मेल पाठवणारा एसएमटीपी हा क्लास नावाने आयात केला असेल, तर मूळ मॉड्यूलमध्ये पॅच करून उपयोग नाही, तुमच्या फाइलमधलं नाव पॅच करा. नाहीतर मॉक बाजूला उभा राहतो आणि खरी मेल सुटते. दोन, 'विथ' वापरून कनेक्शन उघडत असाल तर आतला ऑब्जेक्ट हा मॉकच्या रिटर्नव्हॅल्यूच्या एंटरची रिटर्नव्हॅल्यू असतो. एक पायरी चुकली की 'सेंडमेसेज कधी बोलावलंच नाही' असं उत्तर येतं, आणि माणूस कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसतो.

जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) असेल तर यातलं काहीच करू नका. त्याचा टेस्ट रनर मेलचं बॅकएंड आपणहून मेमरीतल्या बॅकएंडने बदलतो आणि गेलेल्या मेल्स आउटबॉक्स नावाच्या लिस्टमध्ये ठेवतो. लांबी मोजा, पहिला मेसेज उचला, पत्ता बघा. रूबीच्या रेल्समध्येही तशीच सोय आहे, डिलिव्हरी मेथड 'टेस्ट' ठेवली की मेल्स डिलिव्हरीज या अ‍ॅरेत जमतात.

टीपकागद

पाटीपेन्सिल, मॉक दुरुस्त केलात तरी मूळ कोड एकदा बघा. तुमच्याकडे माइममेसेज आहे म्हणून ठीक. पण पुष्कळ ठिकाणी साचा म्हणून एकच सिंपलमेलमेसेज फील्डमध्ये ठेवलेला असतो आणि लूपमध्ये त्याचाच सेटटू बदलत जातात. सेंड जोवर थांबून काम करतंय तोवर चालतं. कोणी वर असिंक लावलं, की मेल दुसऱ्या थ्रेडवर जाईपर्यंत इकडे पत्ता बदललेला असतो. म्हणजे तीनदा तिसरा पत्ता ही टेस्टमधली गंमत राहत नाही, ती प्रॉडक्शनमध्ये घडते. अशा वेळी कॅप्टरने तीन सारखे पत्ते दाखवले तर तो तुमच्यावर उपकार करतोय. सिंपलमेलमेसेजला कॉपी कन्स्ट्रक्टर आहे तो याचसाठी. दर सभासदाला साच्याची नवी प्रत.

पाटीपेन्सिल

साचा नाही, दर वेळी नवा मेसेजच मागतो कोड. देनआन्सरने तिन्ही पत्ते बरोबर आले. आभार!

आता विषयाची ओळ. माझ्या विंडोज लॅपटॉपवर टेस्ट नापास: विषयात मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. सहकाऱ्याच्या लिनक्सवर पास. खऱ्या मेल्समध्ये मराठी व्यवस्थित दिसतं, दोन्हीकडून.

टीपकागद

हा मस्त खड्डा आहे, मीच तुम्हाला त्यात लोटलं म्हणायला हरकत नाही.

स्प्रिंग बूट मेलचं डिफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवतं. खरा जावामेलसेंडरइम्पल जो मेसेज बनवून देतो, त्यातच ते एन्कोडिंग लपवलेलं असतं आणि माइममेसेजहेल्पर ते तिथून उचलतो. आपण टेस्टमध्ये साधा माइममेसेज दिला, त्यात ते नाही. मग हेल्परकडे काहीच नसतं आणि मेल लायब्ररी मशीनच्या डिफॉल्ट कॅरेक्टर सेटवर जाते. जावा १७ पर्यंत तो ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असतो. इथल्या विंडोजवर बहुधा १२५२, त्यात देवनागरी नाहीच, म्हणून प्रश्नचिन्हं. २०२२ च्या जावा १८ पासून डिफॉल्ट सगळीकडे यूटीएफ-८ झालं.

उपाय: देनआन्सरमध्ये मेसेज स्वतः बनवण्याऐवजी खऱ्या जावामेलसेंडरइम्पलकडून मागा, त्याला डिफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगून. नुसता मेसेज बनवताना तो कुठल्याही सर्व्हरशी बोलत नाही, त्यामुळे टेस्ट संथ होत नाही. त्याहून बरं म्हणजे मूळ कोडमध्येच हेल्परला यूटीएफ-८ स्पष्ट द्या, म्हणजे कोणाच्या कृपेवर अवलंबून राहायला नको.

आणि विषय तपासताना गेटसब्जेक्ट वापरा, कच्चा हेडर नको. हेडरमध्ये मराठी जशीच्या तशी नसते, आरएफसी २०४७ या इंटरनेट मानकाप्रमाणे बेस६४ मध्ये बांधलेली असते. एका तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा आहे. वेष्टनाची १२ वजा केली की उरतात ६३. देवनागरीचा एकेक संकेत यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, म्हणजे बेस६४ ची चार अक्षरं. तर एका तुकड्यात जेमतेम १५ संकेत बसतात, आणि त्यात काना-मात्रा वेगळे मोजायचे. 'आपल्याकडील पुस्तक परत करण्याची मुदत संपली आहे' एवढ्या विषयाचे तीन-चार तुकडे होतात. अशा स्ट्रिंगवर असर्ट लिहिणं म्हणजे डोळ्यांचं मातेरं.

घाटमाथा

याला जोडून: एचटीएमएल तपासणार असाल तर असर्टच्या आधी मेसेजवर सेव्हचेंजेस बोलवा. नाहीतर गेटकंटेंटटाइप 'टेक्स्ट/प्लेन' सांगतो आणि माणूस चक्रावतो. ते हेडर सेव्हचेंजेसच्या वेळी भरलं जातं. खरा सेंडर पाठवण्याआधी ते करतो, मॉक कशाला करेल.

निवांत_दुपार

इतका वेळ वाचतोय. नल मेसेज, एकच ऑब्जेक्ट, एन्कोडिंग, सेव्हचेंजेस. चार वेळा तुम्ही मॉकला खऱ्या सेंडरसारखं वागायला शिकवलंत. मग सरळ खोटा सर्व्हरच का उभा करत नाही? ग्रीनमेल जावातच चालतो, टेस्टच्या आत सुरू होतो, टेस्टच्या सेटिंगमध्ये एसएमटीपीचा पोर्ट ३०२५. खरा जावामेलसेंडरइम्पल त्याच्याकडे वळवा. मेल तारेवरून जाते, पलीकडे जशी उतरते तशी तपासा. मॉकवाल्या टेस्ट कोडच्या आतड्यांना चिकटून बसतात. उद्या तुम्ही एकेक मेसेजऐवजी सगळे मेसेज एकदम देणारं सेंड वापरलंत, तर वागणूक तीच राहूनही टेस्ट मोडेल.

टीपकागद

मुद्दा रास्त, पण दंडाची रक्कम तिसऱ्या खेपेला येते की चौथ्या, हे तपासायला एसएमटीपीचं संभाषण कशाला? तिथे मला मिलिसेकंदांत संपणारी टेस्ट हवी.

माझी मांडणी अशी. स्मरणसेवेला जावामेलसेंडर माहीतच नसावा. स्वतःचा छोटा इंटरफेस लिहा, 'टपाल' म्हणा, त्यात एकच मेथड: पाठव, आर्ग्युमेंट एक साधं रेकॉर्ड, ज्यात पत्ता, विषय, मजकूर. रेकॉर्डच्या फील्डना पुन्हा किंमत देता येत नाही, त्यामुळे तीनदा तिसरा पत्ता ही भानगडच मिटते. टेस्टमध्ये त्या इंटरफेसचा दहा ओळींचा बनावट क्लास, जो आलेलं रेकॉर्ड लिस्टमध्ये टाकतो. मॉकिटोही नको. आणि खरा 'टपाल', जो माइममेसेज बांधतो, त्याच्यासाठी ग्रीनमेलवर दोन-तीन टेस्ट: मराठी विषय नीट उतरतो का, एचटीएमएल नीट जातं का. तिथे निवांत_दुपार म्हणतात ते शंभर टक्के मान्य.

निवांत_दुपार

हे चालेल. मॉकऐवजी बनावट क्लास म्हणालात म्हणून गप्प बसतो.

पाटीपेन्सिल

'टपाल' आवडलं, तसंच करतेय. पण माझा मूळ प्रश्न अर्धा उरलाय. टेस्टमध्ये पत्ता बदलायचा नाही हे पटलं. स्टेजिंगचं काय? तिथे डेटाबेस प्रॉडक्शनची प्रत आहे, सभासदांच्या खऱ्या पत्त्यांसकट. ग्रंथपालांना मेल डोळ्यांनी बघायची असते, म्हणजे ती खरंच जायला हवी, पण त्यांच्याकडेच.

घाटमाथा

इथे मात्र आर्ग्युमेंट बदलायचं, आणि बिनदिक्कत. 'टपाल'चाच दुसरा क्लास, वळवणारा. पाठव बोलावलं की तो पत्ता बदलून खऱ्या 'टपाल'कडे देतो. कोणता क्लास लागेल ते स्प्रिंगच्या प्रोफाइलवरून ठरेल, स्मरणसेवेला याची खबरही लागत नाही. सहकाऱ्याची बूलियन जिथे असायला हवी होती ती ही जागा.

पण 'प्रति' बदलताना सीसी आणि बीसीसी विसरू नका. हा प्रकार इतक्या ठिकाणी पाहिलाय की सांगता सोय नाही: 'प्रति'मध्ये टेस्टचा पत्ता, आणि बीसीसीतून सचिवांना दोनशे मेल्स.

टीपकागद

त्याहून नेटकी युक्ती आहे. मेलमध्ये पत्ता दोन ठिकाणी असतो: आतल्या कागदावर (हेडरमधला 'प्रति') आणि बाहेरच्या पाकिटावर (एसएमटीपीची आरसीपीटी कमांड). सर्व्हर पाकीट बघून पोचवतो, आत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जावामेलमध्ये ट्रान्सपोर्टच्या सेंडचं एक रूप मेसेजसोबत पत्त्यांची वेगळी यादी घेतं आणि मेसेजमधले पत्ते सोडून त्या यादीलाच मेल पाठवतं. वळवणाऱ्या क्लासने मेसेजला हातच लावायचा नाही, पाकिटावर फक्त ग्रंथपालांचा पत्ता घालायचा. त्यांना मेल मिळते, 'प्रति'मध्ये मूळ सभासद दिसतो, म्हणजे कोणाला गेली असती तेही कळतं. सीसी-बीसीसीचा धोकाही जातो, कारण त्यांनाही पाकिटावर जागा नाही. फक्त 'सर्वांना उत्तर द्या' दाबू नका म्हणावं.

सांडगी_मिरची

मेल बाहेर न जाता नुसती बघायची असेल तर मेलपिट. पोर्ट १०२५ वर मेल घेतो आणि ८०२५ वर ब्राउझरमध्ये दाखवतो. आधी सगळे मेलहॉग वापरायचे, पोर्ट तेच, म्हणून सेटिंग बदलावी लागत नाही.

आणि टेस्टच्या डेटात 'टेस्ट अ‍ॅट टेस्ट डॉट कॉम' घालणाऱ्यांनो, ते डोमेन खरंच कोणाचं तरी आहे. 'एबीसी अ‍ॅट जीमेल' हासुद्धा कोणाचा तरी पत्ता असणार. एक्झाम्पल डॉट कॉम वापरा, किंवा शेवटी डॉट टेस्ट नाहीतर डॉट इनव्हॅलिड. १९९९ च्या आरएफसी २६०६ ने ही नावं याच कामासाठी राखून ठेवलीत. पंचवीस वर्षं होऊन गेली, आता तरी वापरा.

पाटीपेन्सिल

पाकिटाची युक्ती ग्रंथपालांना फार आवडली. युनिट टेस्ट बनावट 'टपाल'वर, ग्रीनमेलवर तीन टेस्ट. दंडाचं कामही झालं, आणि त्या निमित्ताने कळलं की मोजणी शून्यापासून असल्याने जुना कोड 'तिसरं' म्हणून चौथं स्मरणपत्र धरत होता.

शेवटची शंका. सचिवांना बीसीसी जातं हे ग्रीनमेलवर तपासायचंय, पण उतरलेल्या मेलमध्ये बीसीसी हेडरच नाही. हरवतं कुठे?

टीपकागद

हरवत नाही, मुद्दाम काढतात. मेल तारेवर लिहिताना एसएमटीपी ट्रान्सपोर्ट बीसीसीची ओळ गाळतो, नाहीतर ते गुप्त कसलं. पायथनचं सेंडमेसेजही तेच करतं. पण पाकिटावर सचिवांचा पत्ता असतो, त्यामुळे ग्रीनमेलमध्ये त्यांच्या नावाच्या खात्यात एक प्रत उतरलेली असेल. टेस्ट दोन भागांत लिहा: सचिवांच्या खात्यात मेल आहे, आणि सभासदाला मिळालेल्या मेलच्या एकाही हेडरमध्ये सचिवांचा पत्ता नाही. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा.

अर्धाकप

+१. आणि ती टेस्ट बनावट 'टपाल'वर लिहिता येणार नाही, कारण गाळण्याचं काम ट्रान्सपोर्टचं आहे.